कार्बन पकडण्याचे अनुदान: पैसे नेमके कोणत्या टनाचे?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: कोळशावर चालणाऱ्या वीजकेंद्रांच्या धुरातून कार्बन डायऑक्साइड वेगळा काढून तो जमिनीखाली साठवण्यासाठी निरनिराळी सरकारे जे अनुदान देतात, ते मिळाले नसते तर हे प्रकल्प उभे राहिले असते का, आणि आज ज्या पद्धतीने ते दिले जाते त्यातून जनतेच्या पैशाचा मोबदला वसूल होतो का? पहिल्या भागाचे उत्तर सोपे आहे. नसते उभे राहिले. दुसऱ्या भागाचे उत्तर मात्र अनुदान किती दिले यापेक्षा ते कशाच्या बदल्यात, कोणत्या टप्प्यावर आणि कोणत्या टनाच्या हिशेबाने दिले यावर अवलंबून आहे. माझे बरेचसे काम औष्णिक केंद्रांतील धूर-शुद्धीकरण यंत्रणा आणि त्यांच्या खर्चाचे अंदाज तपासण्याचे राहिलेले असल्यामुळे मी आधी यंत्रणेकडे आणि मग तिजोरीकडे वळतो. कारण पैशाचा हिशेब जिथे चुकतो तिथे बहुधा यंत्रणेबद्दलचे एखादे गृहीतक चुकलेले असते.

कोळशाच्या बॉयलरमधून बाहेर पडणाऱ्या धुरात कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण साधारण १२ ते १५ टक्के असते. उरलेला बहुतेक भाग नायट्रोजनचा. एवढा पातळ वायू तसाच दाबून जमिनीत सोडणे परवडणारे नाही, म्हणून तो आधी वेगळा करावा लागतो. सर्वाधिक रुळलेल्या पद्धतीत धूर ४० ते ६० अंश सेल्सिअसपर्यंत थंड करून एका उंच मनोऱ्यात अमाइन नावाच्या रसायनाच्या द्रावणाशी भिडवला जातो. द्रावण कार्बन डायऑक्साइड शोषून घेते, मग ते दुसऱ्या मनोऱ्यात नेऊन सुमारे १२० अंशांपर्यंत तापवले की शोषलेला वायू सुटा होतो आणि द्रावण पुन्हा पहिल्या मनोऱ्याकडे परत जाते. सुटा झालेला वायू वाळवून शंभराहून अधिक बार दाबाखाली आणला की तो नळातून वाहून नेण्याजोगा होतो.

सगळा खर्च त्या तापवण्यात दडलेला आहे. एक टन कार्बन डायऑक्साइड सुटा करायला द्रावणाच्या जातीनुसार सुमारे अडीच ते चार गिगाज्यूल उष्णता लागते आणि ही उष्णता सहसा टर्बाइनच्या मध्यम दाबाच्या आणि कमी दाबाच्या टप्प्यांमधून काढलेल्या वाफेतून घेतली जाते. जी वाफ कमी दाबाच्या टर्बाइनमध्ये शिरून वीज निर्माण करणार होती, तीच मध्येच काढून द्रावण तापवायला पाठवली जाते. त्यात वायू दाबणाऱ्या कॉम्प्रेसरची, पंपांची आणि पंख्यांची वीज मिळवली की केंद्राची विकण्याजोगी वीज २० ते ३० टक्क्यांनी घटते. कोळसा तेवढाच जळतो, कामगार तेवढेच लागतात, पाणी तर पूर्वीपेक्षा बरेच जास्त लागते आणि विकायला वीज कमी उरते. कोणताही मालक हे आपणहून करणार नाही. तो करील ते दोनच कारणांनी: एक तर धूर सोडण्याची किंमत त्याला मोजावी लागत असेल, किंवा धूर न सोडण्याचे पैसे त्याला कोणी तरी देत असेल.

इथे एक गोष्ट जाता जाता नोंदवतो, कारण अनुदानाच्या अर्जांमध्ये ती फार हुशारीने झाकलेली असते. अमाइनला गंधकाचे आणि नायट्रोजनचे काही ऑक्साइड अजिबात चालत नाहीत. त्यांच्यापासून असे क्षार तयार होतात की जे तापवूनही मोडत नाहीत आणि द्रावण कायमचे निकामी करतात. म्हणून सल्फर डायऑक्साइडचे प्रमाण दशलक्ष भागांत दहा भागांच्याही खाली आणावे लागते. ज्या केंद्रात गंधक काढण्याची चांगली यंत्रणा आधीपासून नाही तिथे कार्बन पकडण्याच्या नावाखाली प्रत्यक्षात ती यंत्रणाही अनुदानातून उभारली जाते. ती यंत्रणा चांगलीच आहे, परंतु ती प्रदूषण नियमांखाली मालकाने स्वखर्चाने बसवायची होती की करदात्याने, हा प्रश्न अर्जाच्या पहिल्याच वाचनात विचारला गेला पाहिजे.

आता तिजोरीकडे. अनुदानाची रूपे पुष्कळ आहेत: बांधकामासाठी थेट भांडवली मदत, पकडलेल्या प्रत्येक टनामागे करसवलत, ठरलेल्या दरापेक्षा बाजारभाव जेवढा कमी पडेल तेवढा भरून देणारा किंमत-फरक करार, स्वस्त सरकारी कर्ज, आणि शेवटी वीजदरात वाढ मंजूर करून ग्राहकांकडून केलेली वसुली. हे शेवटचे रूप अनुदान म्हणून मोजले जात नाही, पण ग्राहकाच्या खिशाला तो फरक कळत नाही. जोखीम कोणाच्या गळ्यात पडते हे मात्र प्रत्येक प्रकारात वेगळे असते. भांडवली मदतीत प्रकल्प फसला तर सरकारचे पैसे बुडतात. टनामागच्या सवलतीत प्रकल्प फसला तर मालकाचे आणि त्याच्या बँकेचे बुडतात. या एका फरकावरून गेल्या वीस वर्षांतला जवळजवळ सगळा इतिहास समजून घेता येतो.

अमेरिकेने २००३ मध्ये फ्यूचरजेन नावाचा आदर्श कोळसा प्रकल्प जाहीर केला. खर्च वाढत चालल्याचे कारण देऊन २००८ मध्ये त्यातून अंग काढून घेण्यात आले. मंदीनंतरच्या प्रोत्साहन निधीतून १०० कोटी डॉलर देऊ करून २०१० मध्ये त्याची दुसरी आवृत्ती आली, ती इलिनॉयमधील मेरेडोसिया येथील जुन्या संचावर होणार होती. आणि २०१५ च्या सुरुवातीला तीही गुंडाळली गेली, कारण तो निधी वापरण्याची कायदेशीर मुदत प्रकल्पाच्या वेळापत्रकाच्या आधीच संपत होती. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने डिसेंबर २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेला अहवाल या क्षेत्रातल्या प्रत्येकाने वाचावा असा आहे. त्यानुसार ऊर्जा खात्याने आठ कोळसा प्रकल्पांवर सुमारे ६८.४ कोटी डॉलर खर्च केले आणि त्यातला एकच प्रकल्प उभा राहिला. त्याच काळात तीन औद्योगिक प्रकल्पांवर सुमारे ४३.८ कोटी डॉलर खर्च झाले आणि त्यांतले दोन उभे राहिले.

अपयशाच्या या प्रमाणापेक्षा मला त्या अहवालातली दुसरी बाब जास्त महत्त्वाची वाटते. निवड झालेल्या प्रकल्पांशी वाटाघाटी घाईने उरकण्यात आल्या, आणि टप्पे वेळेवर गाठले जात नसतानाही वरिष्ठांच्या सूचनेवरून काही प्रकल्पांना पैसे मिळत राहिले. कधीही न बांधल्या गेलेल्या चार केंद्रांच्या केवळ आखणीवर आणि आराखड्यांवर ४७ कोटी डॉलरहून अधिक रक्कम गेली आणि ती त्या टप्प्यांसाठी ठरवलेल्या रकमेपेक्षा जवळजवळ ३० कोटींनी जास्त होती. नव्या तंत्रज्ञानात काही प्रकल्प बुडणारच, त्याबद्दल कोणाला दोष देण्यात अर्थ नाही. परंतु बुडणारा प्रकल्प ओळखून वेळीच थांबवणे हे ज्याचे काम होते, त्याने तेच केले नाही, ही वेगळ्या जातीची चूक आहे.

मिसिसिपीतील केम्पर प्रकल्पाची कथा अधिक बोलकी आहे, कारण तिथे तीन प्रकारचे सार्वजनिक पैसे एकत्र आले होते. लिग्नाइट कोळशाचे आधी वायूत रूपांतर करायचे, त्यातला कार्बन सुमारे ६५ टक्के काढून घ्यायचा आणि उरलेला वायू जाळून वीज करायची, अशी योजना होती. खर्चाचा मूळ अंदाज ३०० कोटी डॉलरच्या आत होता. तो सुमारे ७५० कोटींवर गेला. ऊर्जा खात्याची भांडवली मदत होती, करसवलती होत्या आणि बांधकाम चालू असतानाच ग्राहकांकडून दरवाढ वसूल करण्याची मुभाही होती. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये ती दरवाढ रद्द ठरवून पैसे परत करायला लावले. जून २०१७ मध्ये कोळशाच्या वायूकरणाचा नाद सोडून केंद्र नैसर्गिक वायूवर चालवायचे ठरले आणि २०२१ मध्ये वायूकरणाचा सांगाडा स्फोटांनी पाडण्यात आला. कंपनीच्या भागधारकांनाही मोठा फटका बसला, हे खरे. पण खर्च वाढला तरी तो कोणाकडून तरी वसूल होईल ही आशा सुरुवातीला नसती, तर ही रक्कम तेवढी फुगू दिली गेली असती का, याबद्दल मला दाट शंका आहे.

ब्रिटनमध्ये उलट प्रकारचा दोष दिसला. तिथे सरकारने दोनदा स्पर्धा घेतली. पहिली २०११ मध्ये लॉन्गॅनेट येथील कोळसा केंद्राचा प्रस्ताव बारगळल्यामुळे संपली. दुसरीत १०० कोटी पौंडांची भांडवली मदत देऊ केली होती आणि व्हाइट रोझ हा कोळशाचा व पीटरहेड हा नैसर्गिक वायूचा असे दोन प्रस्ताव शेवटच्या टप्प्यात होते; नोव्हेंबर २०१५ मध्ये अर्थखात्याने ती रक्कमच काढून घेतली. राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाच्या हिशेबाप्रमाणे दोन्ही स्पर्धांवर मिळून सुमारे १६.८ कोटी पौंड खर्ची पडले आणि एक टनही पकडला गेला नाही. एका सरकारने थांबायचे तिथे पैसे सोडले, दुसऱ्याने सोडायचे तिथे हात आखडला. कंपन्यांच्या दृष्टीने दुसरा प्रकार अधिक वाईट, कारण आराखड्यावर तीन-चार वर्षे घालवल्यानंतर धोरणच नाहीसे होण्याची जोखीम कोणतीही बँक पुढच्या वेळी व्याजदरात धरते.

जे दोन मोठे प्रकल्प प्रत्यक्ष चालले ते तपशिलाने पाहण्यासारखे आहेत. कॅनडातील सास्कॅचेवान प्रांतात एस्टेव्हनजवळ बाउंड्री डॅम केंद्राच्या तिसऱ्या संचावर ऑक्टोबर २०१४ मध्ये कार्बन पकडणे सुरू झाले. जुन्या संचाच्या नूतनीकरणासह खर्च सुमारे १५० कोटी कॅनडियन डॉलर, त्यात केंद्र सरकारचे अनुदान २४ कोटी. बाकीचा भार प्रांताच्या मालकीच्या वीजकंपनीवर, म्हणजे अखेरीस तिच्या ग्राहकांवर. निव्वळ वीज सुमारे ११५ मेगावॅट, आणि वर्षाला दहा लाख टन पकडण्याची क्षमता. प्रत्यक्षात पन्नास लाख टनांचा टप्पा गाठायला २०२३ उजाडले. म्हणजे सुमारे साडेआठ वर्षांत क्षमतेच्या साठ टक्क्यांच्या आसपास काम झाले.

हे असे का झाले, याचे उत्तर कुठल्याही आर्थिक प्रारूपात सापडणार नाही. धुराबरोबर आलेली बारीक राख अमाइनच्या द्रावणात मिसळत राहिली. तिने उष्णता-विनिमयकांच्या, म्हणजे एका प्रवाहाची उष्णता दुसऱ्याला देणाऱ्या उपकरणांच्या, अरुंद फटी बुजवल्या आणि द्रावणाच्या विघटनालाही वेग दिला. द्रावण खराब झाले की त्याला फेस येतो, फेस आला की मनोऱ्यातला प्रवाह कमी करावा लागतो, प्रवाह कमी केला की पकडलेला वायू घटतो. पर्यायी विनिमयक बसवलेले नसल्यामुळे साफसफाईसाठी संपूर्ण यंत्रणा बंद ठेवावी लागायची. पुढे जादा विनिमयक आणि अलग करण्याच्या झडपा बसवल्यावर परिस्थिती सुधारली. थकलेल्या तेलक्षेत्रात सोडून जादा तेल काढण्यासाठी हा वायू विकत घेणाऱ्या तेलकंपनीला ठरलेला पुरवठा न झाल्याबद्दल वीजकंपनीला दंडही भरावा लागला. ही सगळी शिकवण मोलाची आहे आणि पहिल्या प्रकल्पाला भांडवली अनुदान देण्याचे खरे समर्थन तेच आहे. मात्र २०१८ मध्ये त्याच कंपनीने चौथ्या आणि पाचव्या संचावर हा प्रयोग पुन्हा न करण्याचा निर्णय घेतला, हेही त्याबरोबर सांगितले पाहिजे.

दुसरा प्रकल्प टेक्सासमधला पेट्रा नोव्हा. डब्ल्यू. ए. पॅरिश केंद्राच्या एका संचाच्या धुरापैकी २४० मेगावॅटएवढा हिस्सा वळवून त्यातून वर्षाला १४ लाख टन पकडायचे होते. खर्च सुमारे १०० कोटी डॉलर, ऊर्जा खात्याची मदत १९ कोटींच्या घरात, जपानच्या सरकारी बँकेचे कर्ज. बांधकाम वेळेत आणि अंदाजपत्रकात पूर्ण होऊन २०१७ च्या सुरुवातीला काम सुरू झाले, हे या क्षेत्रात दुर्मीळच म्हणायचे. चालू असताना यंत्रणा धुरातील ९० टक्क्यांहून अधिक कार्बन पकडत होती. पण तिचे उत्पन्न सुमारे १३० किलोमीटर दूरच्या वेस्ट रँच तेलक्षेत्रात वायू सोडून मिळणाऱ्या तेलावर अवलंबून होते. मे २०२० मध्ये तेलाचे भाव कोसळल्यावर ती बंद पडली, २०२२ मध्ये अमेरिकी भागीदाराने आपला निम्मा हिस्सा अवघ्या ३६ लाख डॉलरना जपानी भागीदाराला विकला आणि सप्टेंबर २०२३ मध्ये ती पुन्हा सुरू झाली. तांत्रिकदृष्ट्या चालू शकणारा प्रकल्पही उत्पन्नाचा एकच धागा तुटला की कसा थांबतो, याचे हे उदाहरण आहे. शिवाय मूळ संचाची वाफ काढून घेणे टाळण्यासाठी इथे स्वतंत्र नैसर्गिक वायूचे छोटे केंद्र उभारले होते आणि त्याचा स्वतःचा धूर पकडला जात नव्हता. मूळ संचाची वीज कमी झाली नाही, परंतु पकडलेल्या टनांतून त्या धुराची वजाबाकी करायला हवी.

त्या वजाबाकीपाशीच माझ्या मते अनुदानाचा खरा प्रश्न आहे. अमेरिकेत २००८ पासून आयकर कायद्याच्या ४५क्यू या कलमाखाली टनामागे करसवलत मिळते. सुरुवातीला ती कायम साठवणीसाठी २० डॉलर आणि तेल उपशासाठी वापरल्यास १० डॉलर होती. २०१८ मध्ये ती टप्प्याटप्प्याने ५० आणि ३५ डॉलरपर्यंत न्यायचे ठरले, २०२२ च्या कायद्याने ती ८५ आणि ६० वर नेली आणि २०२५ च्या कायद्याने तेल उपशालाही साठवणीइतकेच ८५ डॉलर मिळू लागले. पूर्ण दर मिळवण्यासाठी वेतनाच्या आणि प्रशिक्षणार्थींच्या अटी पाळाव्या लागतात. मुदत बारा वर्षे. पैसे टन पकडल्यानंतर मिळत असल्यामुळे न बांधलेल्या केंद्रांवर रक्कम उधळण्याचा जुना दोष इथे राहत नाही. भांडवली मदतीपेक्षा ही पद्धत मला निःसंशय अधिक शहाणपणाची वाटते. मात्र पैसे पकडलेल्या टनाचे मिळतात, टळलेल्या टनाचे नव्हे.

उदाहरणाने हे स्पष्ट होईल. समजा एखादे केंद्र एक मेगावॅट-तास विजेमागे ०.९ टन कार्बन डायऑक्साइड सोडते. कार्बन पकडणारी यंत्रणा बसवल्यावर त्याची २५ टक्के वीज यंत्रणेतच खर्ची पडते, म्हणून ग्राहकाला तेवढीच एक मेगावॅट-तास वीज द्यायची तर पूर्वीच्या सव्वापटीहून जास्त, नेमके सांगायचे तर १.३३ पट कोळसा जाळावा लागेल. त्यातून १.२ टन वायू तयार होईल. ९० टक्के पकडला तर १.०८ टन जमिनीखाली जाईल आणि ०.१२ टन धुराड्यातून सुटेल. वातावरणाच्या दृष्टीने फरक पडला तो ०.९ वजा ०.१२, म्हणजे ०.७८ टनाचा, अनुदान मात्र १.०८ टनावर मिळते. ८५ डॉलरचा दर टळलेल्या टनाच्या हिशेबाने सुमारे ११८ डॉलर होतो. खाणीतून कोळसा काढताना सुटणारा मिथेन या हिशेबात धरलेलाच नाही.

याच आकडेमोडीतून दुसरी गोष्ट निघते, ती अधिक अस्वस्थ करणारी आहे. वर सांगितलेल्या केंद्राला विकलेल्या प्रत्येक मेगावॅट-तासामागे सुमारे ९२ डॉलरची करसवलत मिळते. अमेरिकेतील घाऊक वीजबाजारात सर्वसाधारण काळी विजेचा भाव याच्या पुष्कळ खाली असतो. म्हणजे केंद्राचे मुख्य उत्पन्न कार्बनचे आणि वीज हे जोड-उत्पन्न, अशी उलटापालट होते. विजेचा भाव शून्याखाली गेला तरी असे केंद्र चालू ठेवणे फायद्याचे ठरते आणि दुपारच्या सौरविजेला जागा करून देण्यासाठी मागे सरण्याऐवजी ते पूर्ण भाराने चालत राहते. कार्यक्षमता वाढवून टनामागची वीज वाढवण्याची ओढही कमी होते, कारण कमी कार्यक्षम संच जास्त टन तयार करतो आणि जास्त टनांना जास्त पैसे मिळतात. कोणी लबाडी करील असे मी म्हणत नाही. नियमाप्रमाणे वागणारा व्यवस्थापकसुद्धा हेच करील, कारण त्याला पगार त्यासाठीच मिळतो.

रकमेचा आवाकाही लक्षात घेतला पाहिजे. मूळ ५०० मेगावॅट क्षमतेचा संच वर्षभर ८५ टक्के भारांकाने, म्हणजे कमाल क्षमतेच्या सरासरी ८५ टक्के वीज देत, चालला तर त्याच्या धुरात सुमारे ३३ लाख टन कार्बन डायऑक्साइड असतो. ९० टक्के पकडल्यास वर्षाला सुमारे ३० लाख टन, म्हणजे आजच्या दराने २५ कोटी डॉलरहून अधिक, आणि बारा वर्षांत ३०० कोटींच्या पुढे. हे एका संचाचे. तेवढ्याच पैशात आणखी काय होऊ शकले असते, हा प्रश्न विचारणारा माणूस कोळशाचा शत्रू असतोच असे नाही. तो फक्त हिशेबनीस असतो.

तेल उपशाच्या बाबतीत मतभेद जुने आहेत. थकलेल्या तेलक्षेत्रात एक टन वायू सोडला की साधारण दोन-तीन पिंपे जादा तेल मिळते आणि एक पिंप तेल जाळल्यावर सुमारे ०.४३ टन वायू सुटतो. साठवलेला टन आणि तेलातून सुटलेला टन जवळजवळ तुल्यबळ होतात. यावर तेलकंपन्यांचे म्हणणे असे की ते तेल निघाले नसते तर दुसरीकडून आले असते. हे अंशतः खरे आहे, पूर्णतः नाही. माझे मत असे की तेलाचे उत्पन्न मिळत असताना अनुदान कमी असणे हेच सयुक्तिक होते, आणि दोन्ही दर समान करून अमेरिकेने खाऱ्या जलधर थरांतल्या, म्हणजे खाऱ्या पाण्याने भरलेल्या खोल खडकांतल्या, कायम साठवणीकडे जाण्याचे जे थोडेफार आकर्षण होते तेही घालवले.

मोजमापाच्या बाबतीत मी अजिबात सवलत देणार नाही. अमेरिकी करप्रशासनाच्या महानिरीक्षकांनी २०२० मध्ये दाखवून दिले की, तोपर्यंत मागण्यात आलेल्या सुमारे १०० कोटी डॉलरच्या सवलतींपैकी ८९ कोटींहून अधिक रकमेच्या दाव्यांना पर्यावरण संस्थेने मंजूर केलेल्या निगराणी योजनेचा आधार नव्हता. वायू जमिनीखाली गेला नाही असा त्याचा अर्थ होत नाही. तो गेला की नाही हे सांगणारा कागद नव्हता, एवढाच होतो. पण टनावर पैसे द्यायचे ठरवले की टन मोजणे हीच अनुदानाची सगळी इमारत असते. वायू पुढे निसटला तर सवलत परत घेण्याची तरतूद तिथे आहे, परंतु तिची मागची मर्यादा तीन वर्षांची आहे आणि साठवण तर शतकांची अपेक्षित आहे. युरोपीय संघाच्या २००९ च्या निर्देशात साठवणस्थळाची जबाबदारी सरकारकडे जाण्याआधी साधारण किमान वीस वर्षे जावी लागतात आणि पुढच्या निगराणीसाठी चालकाने आर्थिक वाटा द्यावा लागतो. हे अधिक प्रौढपणाचे आहे.

मग हे अनुदान द्यावेच का? सरसकट देऊ नये, असे माझे उत्तर आहे. युरोपात कार्बनला किंमत लागली तेव्हा कोळसा केंद्रांच्या मालकांनी धूर पकडण्याऐवजी केंद्रे बंद करणे पसंत केले. ब्रिटनचे शेवटचे कोळसा केंद्र ३० सप्टेंबर २०२४ रोजी बंद झाले. चाळीस वर्षे चाललेल्या, कमी कार्यक्षमतेच्या, साठवणस्थळापासून दूर असलेल्या संचावर ही यंत्रणा बसवणे म्हणजे घसाऱ्याने संपलेल्या मालमत्तेला सरकारी खर्चाने नवे आयुष्य देणे होय. त्याउलट दहा-पंधरा वर्षे वयाचे, सुपरक्रिटिकल, म्हणजे फार उच्च दाबाच्या वाफेवर चालणारे आणि म्हणून अधिक कार्यक्षम, गंधकमुक्ती यंत्रणा आधीच असलेले आणि खाली योग्य भूस्तर असलेले संच जिथे मोठ्या संख्येने आहेत, आणि ते मुदतीआधी बंद होण्याची राजकीय शक्यता नाही, तिथे मर्यादित अनुदानाचा विचार होऊ शकतो. वायू दाट अवस्थेत राहण्यासाठी साधारण ८०० मीटरपेक्षा खोल थर लागतो आणि त्यावर अभेद्य खडकाचे झाकण लागते. हे नसेल तर बाकीची चर्चा व्यर्थ आहे.

सार्वजनिक पैसा जिथे सर्वांत निर्धोकपणे लावता येतो ती जागा म्हणजे नळवाहिन्या आणि साठवणस्थळे. नॉर्वेने लाँगशिप कार्यक्रमात सुमारे दोन-तृतीयांश खर्च उचलून ब्रेविक येथील सिमेंट कारखान्याचा वर्षाला चार लाख टन वायू पकडण्याची आणि समुद्रतळाखाली साठवण्याची व्यवस्था केली. ती २०२५ मध्ये सुरू झाली. सिमेंटमध्ये निम्म्याहून अधिक वायू चुनखडीतूनच सुटतो, तो इंधन बदलून टळत नाही. विजेला पर्याय आहेत, सिमेंटला फारसे नाहीत. साठवणीचे जाळे उभारले तर कोळसा केंद्र उद्या बंद झाले तरी ते जाळे इतरांच्या कामी येते. केंद्राच्या अंगणात उभारलेला मनोरा मात्र केंद्राबरोबरच भंगारात जातो.

अनुदान द्यायचेच असेल तर माझा आग्रह असा राहील की आराखड्याच्या टप्प्यावर सरकारी खर्चाला वरची मर्यादा असावी आणि ती ओलांडायचा अधिकार कोणाच्याही एका सहीवर नसावा. टनामागचा दर टळलेल्या टनावर बेतलेला असावा, म्हणजे वाफेसाठी व विजेसाठी जळलेले जादा इंधन त्यातून आपोआप वजा होईल. विजेचा भाव एका मर्यादेखाली असताना पकडलेल्या टनांना सवलत मिळू नये. आणि चालकाने दर महिन्याची पकड, बंद काळ आणि द्रावणाचा खप जाहीर करावा. शेवटची अट कंपन्यांना सर्वांत नकोशी असते, म्हणून ती सर्वांत आधी लिहावी. पहिल्या केंद्रातली राख दुसऱ्या केंद्राच्या आराखड्यात दिसली नाही, तर शिकण्यासाठी दिलेले पैसे वाया गेले.

अनुदानाच्या करारात जवळजवळ नेहमी राहून जाणारी बाब म्हणजे तेरावे वर्ष. बारा वर्षांची सवलत संपल्याच्या दुसऱ्या दिवशी वाफ वळवणारी झडप बंद केली की केंद्राला आपली गेलेली पाव हिस्सा वीज परत मिळते, द्रावणाचा खर्च वाचतो आणि कोणताही कायदा मोडत नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने २०२४ मध्ये, २०३९ नंतरही चालू राहू इच्छिणाऱ्या कोळसा केंद्रांनी २०३२ पर्यंत ९० टक्के कार्बन पकडावा, असा नियम केला होता. जून २०२५ मध्ये त्याच संस्थेने तो मागे घेण्याचा प्रस्ताव मांडला. बंधन नसताना दिलेली सवलत ही भाड्याने घेतलेली शिस्त असते आणि भाडे थांबले की तीही थांबते. म्हणून सवलतीचा पहिला हप्ता देण्यापूर्वी केंद्राच्या परवान्यातच लिहून घ्यावे की सवलतीची मुदत संपल्यावर हा संच एक तर कार्बन पकडत राहील, किंवा बंद होईल. ज्या मालकाला ही ओळ मान्य नाही, त्याच्या अर्जातील बाकीची पाने वाचण्याची गरज मला वाटत नाही.